हॅमंड ऑर्गन जिन्यावरून खाली आणायचाय, चौघं पुरतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पहिल्या मजल्यावरून एक हॅमंड बी-3 ऑर्गन, त्याच्याबरोबरचा लेझ्ली 122 म्हणजे त्याचा स्पीकर आणि एक रोड्स स्टेज 73 इलेक्ट्रिक पियानो खाली आणून टेम्पोत चढवायचाय, जिन्याला मधे वळण आहे, तुम्ही धरून चौघं आहात आणि असलं काही याआधी कुणीच उचललेलं नाही. चौघांत होईल का.

रोड्स आणि लेझ्ली होईल, आरामात. हॅमंडचं मात्र तुमच्या ताकदीवर नाही, त्या वळणावर अवलंबून आहे. मी बरीच वर्षं हे जुने ऑर्गन आणि इलेक्ट्रिक पियानो दुरुस्त करतोय आणि दुरुस्तीच्या निम्म्या वेळात ते इकडून तिकडे न्यावेच लागतात, त्यामुळे कंबरेत उसण भरून आठ-आठ दिवस पडून राहण्याचा अनुभवही गाठीशी आहे. एक गोष्ट बघत आलोय, माणसं "चल रे, धर" म्हणतात आणि थेट हात घालतात, विचार सुरू होतो तो वस्तू अर्ध्या जिन्यात अडकल्यावर. तिथे विचार करायला कुणाचाच हात मोकळा नसतो.

आधी वजन बघू. बी-3 बेंच आणि पेडलबोर्ड (पायाने वाजवायच्या पट्ट्या) यांच्यासकट साधारण 190 किलो, ते दोन्ही काढले की उरलेला मुख्य कॅबिनेट 140 च्या आसपास. लेझ्ली 122 म्हणजे 60-65 किलोचं कपाट. रोड्स स्टेज 73 पण 60 च्या घरात. आता 140 भागिले चार, माणशी 35 किलो, एवढं काय त्यात, असं वाटतं ना? वजन उचलण्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने 1991 साली जे सूत्र सुधारून दिलं त्यात एका माणसासाठी वरची मर्यादा 23 किलो धरलीय, आणि ती सुद्धा वस्तू अंगाला चिकटून, कमरेच्या उंचीवर, सरळ उभं राहून, दोन्ही हातांना नीट पकड असताना. जिन्यात यातलं एकही नसतं. वर जिन्यात वजन सारखं वाटलंच जात नाही. जिना जितका उभा आणि वस्तूचं वजन जितकं वरच्या भागात, तितका भार खालच्या पायरीवरच्या माणसाकडे सरकतो, वरचा नुसता धरून असतो आणि वर त्यालाच वाटतं आपण किती करतोय. म्हणून तुमच्यातले दोन दणकट गडी खालच्या बाजूला, हे ठरवून टाका, यात मैत्रीखात्यात आळीपाळी नको.

आता ते वळण. टेप घ्या आणि ऑर्गन मोजा, बी-3 ची रुंदी साधारण 124 सेंटीमीटर आणि पेडल काढल्यावर खोली 75 च्या आसपास. म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं अंतर 145 सेंटीमीटर झालं, आणि जिन्याच्या वळणावरच्या चौकात ऑर्गन आडवाच्या आडवा पूर्ण फिरवायचा तर एवढी जागा नुसत्या लाकडाला लागते, माणसं वेगळी. मी काय करतो, फ्रिजचं वगैरे जुनं खोकं मिळतं त्याचा पुठ्ठा 124 बाय 75 चा कापतो आणि दोघंजण तो पुठ्ठा हातात आडवा धरून जिना उतरतो, दारातून, उंबऱ्यावरून, वळणावर फिरवत, कठड्यावरून उचलत, खालपर्यंत. दहा मिनिटं लागतात. लोक हसतात. पण पुठ्ठा जिथे अडतो तिथे ऑर्गन अडणारच, आणि पुठ्ठा भिंतीला घासला तर पोपडा निघत नाही की बोटं चेंगरत नाहीत. पुठ्ठा फिरला तर चौघांत करा. नाही फिरला तर ऑर्गन एका टोकावर उभा करून वळवावा लागेल आणि ते काम पहिल्यांदा करणाऱ्यांनी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तेवढ्या एका वळणासाठी पियानो हलवणारी अनुभवी माणसं बोलवा. पैसे जातील, जाऊ द्या.

समजा फिरला. मग आता उचलायचं नाही, आधी सोडवायचं. सगळ्याचं मूळ तत्त्व एवढंच की जे निघतं ते काढा आणि उरलेलं जितकं होईल तितकं चाकावर न्या, हातात कमीत कमी. बेंच तर सुटाच असतो. पेडलबोर्ड, ती खालची 25 पट्ट्यांची लाकडी चौकट, ती पण स्क्रूने बसवलेली नसते, पुढून दोघांनी उचलून बाहेर ओढली की येते, मात्र ओढताना वर उचलून मग मागे, नुसती ओढली तर आतले पत्र्याचे संपर्क वाकतात आणि मग बासचे दोन-चार सूर गप्प होतात. लेझ्लीची केबल काढा, मेनची वायर काढून गुंडाळून मागच्या बाजूला बांधून टाका, लोंबणारी वायर हा जिन्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा सापळा आहे.

हॅमंडचं एक खास दुखणं असतं जे बाकी कुठल्या वाद्याला नसतं. आत टोनव्हील जनरेटर असतो, 91 दातेरी चकत्या, त्या मोटरवर फिरतात आणि त्यातूनच आवाज येतो. मोटरची थरथर लाकडात उतरू नये म्हणून हा अख्खा जड सांगाडा स्प्रिंगांवर तरंगता ठेवलेला असतो. वाजवताना छान, नेताना मात्र आत एक मोठ्ठा लोखंडी पाळणा झुलतोय असं समजा. त्यासाठी कंपनीनेच वाहतुकीचे बोल्ट दिलेले असतात, ते आवळले की जनरेटर घट्ट बसतो. मॉडेलप्रमाणे त्यांची जागा बदलते, टॉर्च घेऊन मागचं पॅनल काढून आणि खालून वाकून बघा, आणि आवळताना पान्याने जीव काढू नका, सांगाडा हलायचा थांबला की बास. बऱ्याच जुन्या ऑर्गनमधे आधीच्या कुणीतरी ते बोल्ट हरवलेले असतात, तेव्हा जनरेटर आणि तळ यांच्यामधे फोमचे तुकडे दाबून बसवायचे, पण आतल्या तेलाच्या दोऱ्यांना धक्का लागू द्यायचा नाही. हो, त्यात तेल असतं, बारीक सुती दोऱ्यांवरून बेअरिंगला जातं, म्हणून ऑर्गन टोकावर उभा करायची वेळ आलीच तर खाली जुनं फडकं टाका आणि तासन्‌तास तसा ठेवू नका.

मागचं पॅनल उघडलंच आहे तर एक सूचना, आत बोटं घालून बघू नका. प्लग काढलेला असला तरी व्हॉल्व्हवाल्या (काचेच्या नळ्यांच्या) अॅम्प्लिफायरच्या कपॅसिटरमधे चार्ज शिल्लक राहू शकतो, लेझ्लीचंही तेच. बोल्ट आवळा, व्हॉल्व्ह आपापल्या सॉकेटमधे नीट बसलेत का नजरेने बघा, पॅनल बंद.

आता पकड कुठे. माणसं पहिल्यांदा हात घालतात ते कीबोर्डखालच्या पुढे आलेल्या कडेला, कारण ती हाताला सापडते. ती कड एवढं वजन पेलायला नाही. वरचं झाकण तर अजिबात नाही. धरायचं ते दोन्ही बाजूंच्या खालच्या आडव्या लाकडाला किंवा तळाच्या चौकटीला, आणि मागची बाजू जड असते हे लक्षात ठेवा कारण जनरेटर मागेच आहे, पुढून हलका लागला म्हणून गाफील राहिलात की मागचा माणूस बसतो खाली. त्यापेक्षा उत्तम म्हणजे ऑर्गनसाठी मिळणाऱ्या दोन भागांच्या डॉल्या, दोन टोकांना लावायच्या आणि पट्ट्याने एकमेकींना आवळायच्या, मग तो चाकांवर. रोल-ऑर-कॅरी म्हणून त्यातली जुनी नावाजलेली जोडी आहे, बँडवाल्यांकडे असते, एक दिवसासाठी मागून आणा. त्या नसतील तर साधी चार चाकांची सपाट ट्रॉली, वर रबर मॅट, आणि ऑर्गन पट्ट्याने ट्रॉलीला बांधलेला. नुसता ठेवलेला नाही, बांधलेला.

सपाटीवर हे सगळं लोण्यासारखं जातं. मग येतो उंबरा. दीड-दोन सेंटीमीटरचा उंबरा दिसत पण नाही, पुढचं चाक अडतं, वरचं धूड मात्र चालत राहतं. उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी फळीची उतरती पाचर लावा, अगदी आधी, रिकाम्या ट्रॉलीने एकदा जाऊन बघा.

जिन्यात ट्रॉली सोडा आणि पट्टे वापरा. खांद्यावरून घ्यायचे उचलण्याचे रुंद पट्टे मिळतात, त्याने वजन हातावरून पायांवर येतं आणि हात फक्त तोल सांभाळायला मोकळे राहतात. सवय नसेल तर आधी लेझ्लीवर दोन खेपा करून बघा, पट्ट्याची लांबी उंचीप्रमाणे जुळवावी लागते, खालच्या माणसाचा पट्टा वेगळा, वरच्याचा वेगळा. वाकताना गुडघ्यातून, वजन पोटाशी, आणि वळायचं असेल तर कंबर पिळायची नाही, पाय उचलून वळायचं. हे सगळेच सांगतात आणि जिन्यात सगळेच विसरतात कारण कंबर पिळणं पाय हलवण्यापेक्षा सोपं वाटतं. पाठीत जी लचक भरते ती बऱ्याचदा तिथेच.

अंगठ्या काढा. खरंच, लग्नाची सुद्धा. बंद बूट घाला, चप्पल नको. हातमोजे घालायचे तर रबराच्या पकडीचे, सुती मोजे घालण्यापेक्षा उघडे हात बरे, पॉलिश केलेल्या लाकडावर ते घसरतात.

आणि आता बोलण्याचं. हे मला कुणी शिकवलं नाही, एका उभ्या पियानोने शिकवलं. आम्ही पाचजण होतो, मी वरच्या बाजूला, आणि मी ओरडलो "थांब", खालच्याला ऐकू आलं "ठेव". त्याने ठेवला. माझ्या बाजूचं टोक अजून वरच्या पायरीच्या कडेवर होतं आणि माझी करंगळी त्या कडेला. नख गेलं, दोन महिने तबल्याला हात लावला नाही. तेव्हापासून माझ्या माणसांत "थांब" आणि "ठेव" दोन्ही शब्द बंद, आम्ही "स्टॉप" आणि "खाली" म्हणतो, ओरडलं तरी वेगळे ऐकू येतात. तसंच डावी-उजवी नाही, समोरासमोर उभ्या माणसांचं डावं उलटंच असतं, "भिंतीकडे" आणि "कठड्याकडे" म्हणायचं. आणि "सोड" हा शब्द फक्त एकाच कामासाठी राखून ठेवायचा, ते पुढे सांगतो. बोलायचं एकाने. शक्यतो ज्याच्या हातात वजन नाही त्याने, म्हणजे चौघांबरोबर पाचवा माणूस बघा, उचलायला नाही, बघायला. आजोबा चालतील, फक्त ते मधेच हात लावणारे नसावेत.

"सोड" कशासाठी तर यासाठी. वस्तू हातातून निघालीच, तोल गेलाच, तर ती पकडायला जायचं नाही. सगळ्यांनी हात काढायचे आणि बाजूला व्हायचं, म्हणून खालच्या माणसांनी उतरताना वस्तूच्या अगदी समोर मधोमध न राहता भिंतीच्या आणि कठड्याच्या बाजूने राहायचं आणि मागे पळायची वाट मोकळी ठेवायची. 140 किलो घसरायला लागले की कुणाचाही पाय, मांडी, छाती ते थांबवू शकत नाही. मला माहितीय की तो बी-3 आहे, 1954 ते 1974 एवढीच वर्षं बनला आणि परत मिळणार नाही, जीव तुटतो. तरी सोडायचा. लाकूड जोडता येतं, जनरेटर पण दुसऱ्या ऑर्गनमधून काढून बसवलेला मी पाहिलाय. कीथ इमर्सन हा रॉकमधला कीबोर्डवादक तर स्टेजवर त्याचा एल-100, म्हणजे हॅमंडचाच एक धाकटा ऑर्गन, रोज पाडायचा, त्यावर सुऱ्या खुपसायचा आणि तो वाजत राहायचा, ही वाद्यं आपण समजतो तेवढी नाजूक नाहीत, आपणच आहोत.

लेझ्लीबद्दल थोडं. तो उभाच न्यायचा. आत वर फिरता भोंगा आणि खाली फिरता ड्रम असतो, मागची पॅनल्स स्क्रूने नीट बसलीत का बघा आणि झडपांच्या जाळीत बोटं घालून उचलायचं नाही, ती पट्टी पातळ असते, तुटते. कपाटासारखा उंच आहे त्यामुळे दोन चाकांच्या उभ्या ट्रॉलीवर पट्ट्याने बांधून एका पायरीवरून एक पायरी असा उतरवता येतो, वरून एक धरून, खालून एक आधाराला. तो तुमचा सराव समजा आणि पहिल्यांदा तोच उतरवा.

रोड्सचे चारही पाय फिरवून निघतात, मधला आडवा आधार आणि सस्टेन पेडलचा दांडा काढून वेगळ्या पिशवीत, स्क्रूसकट, पिशवीवर चिठ्ठी. पाय काढायला पियानो उलटा करायचा असतो तेव्हा आधी झाकण लावायचं आणि खाली जाड ब्लँकेट. झाकणाची कुलपं पन्नास वर्षांची आहेत, त्यांच्यावर आणि झाकणाच्या हँडलवर भरवसा ठेवू नका, दोन पट्टे आडवे आवळा आणि दोघांनी खालून धरून न्या. त्या हँडलने उचलताना झाकण हातात आणि पियानो पायावर, असं झालेलं एकाच्या घरी मी बघितलंय, सुदैवाने पायाखाली गादी होती.

तुम्ही विचारलं नाही पण हे वाचून कुणीतरी पियानोचं विचारणार म्हणून सांगतो. उभ्या पियानोचं वजन मागच्या बाजूला आणि वर असतं कारण ओतीव लोखंडी फ्रेम तिथे आहे, तो मागे पडतो, पुढे नाही, आणि त्याची पितळी चाकं शोभेची समजा, त्यावर खोली ओलांडायची नाही. ग्रँड पियानोचा लायर (पेडल ज्यावर बसवलेली असतात ती खालची चौकट) आणि पाय काढून तो त्याच्या सरळ बाजूवर फळीवर आडवा उभा करायचा असतो, मोठा कॉन्सर्ट ग्रँड जवळजवळ 500 किलो भरतो, ते घरच्यांनी करायचं काम नाही, पुढे वाद घालणार नाही. मेलोट्रॉन (टेपवर भरलेले सूर वाजवणारा कीबोर्ड) असेल तर तो कधीच आडवा करू नका, आतल्या टेप बाहेर येऊन गुंततात. यामाहाचा सीपी-70 हा इलेक्ट्रिक ग्रँड पियानो मात्र दौऱ्यांसाठीच बनवला होता, दोन तुकडे होतात, एकूण 130 किलो असला तरी माणसांत वाटून जातो, असा विचार हॅमंडने केला असता तर माझी कंबर आज वेगळी असती.

टेम्पोत चढवताना फळी लांब घ्या. हिशोब सोपा आहे, टेम्पोचा तळ जमिनीपासून 90 सेंटीमीटर वर आणि फळी 270 सेंटीमीटर लांब, म्हणजे तिप्पट, तर 140 किलोच्या ऑर्गनला वर ढकलायला साधारण एक तृतीयांश, 47 किलोचा जोर लागतो, चाकांचं घर्षण वेगळं. तीच फळी साडेपाच मीटरची असेल तर 23. छोटी फळी आणली की शेवटच्या हातभर अंतरात सगळ्यांचा दम संपतो आणि नेमकं तिथेच, फळी आणि तळ यांच्या सांध्यात, चाक अडकतं. फळीचं वरचं टोक टेम्पोला बांधून टाका, ती मागे सरकली तर खेळ संपला. आणि ढकलणाऱ्यांच्या मागे, फळीच्या सरळ रेषेत खाली, कुणी उभं राहायचं नाही, मुलं तर अजिबात नाही.

आत ऑर्गन ड्रायव्हरच्या केबिनच्या भिंतीला पाठ लावून, मधे ब्लँकेट, रॅचेट पट्टा कॅबिनेटच्या मधून, पायांवरून नाही, पाय वजन घ्यायला असतात, बाजूचा ओढा घ्यायला नसतात. लेझ्ली शेजारी उभा आणि वेगळा बांधलेला. पेडलबोर्ड पट्ट्या वर करून. ट्रॉली मोकळी सोडू नका, ब्रेक दाबला की ती लेझ्लीच्या अंगावर जाते.

नव्या जागी पोचल्यावर लगेच सुरू करायची घाई असते सगळ्यांना, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. गार टेम्पोतून उबदार खोलीत आला असेल तर आत दव धरतं, निदान रात्रभर तसाच राहू द्या. मग वाहतुकीचे बोल्ट सैल करा, पेडलबोर्ड बसवा, केबल लावा, आणि सुरू करताना स्टार्टचा खटका आठेक सेकंद धरून ठेवा, तो न सोडता रनचा खटका लावा, दोन्ही चार सेकंद तसेच, मग स्टार्ट सोडा. आवाज यायला थोडा वेळ लागतो, व्हॉल्व्ह तापतात. आणि आवाजाबरोबर सगळं कपाट घुंई घुंई करत थरथरत असेल तर घाबरून मला फोन करण्याआधी खाली वाकून बघा, दहातल्या नऊ वेळा बोल्ट आवळलेलेच राहिलेले असतात.